सात ग्रॅमचा ठाव

रबराच्या मऊ माशाला वजन कसे लावायचे ते मी आधी सांगते, कारण ते नीट समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

वजन म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, मधोमध आरपार भोक असलेला धातूचा लहानसा तुकडा. दोरी त्याच्या टोकदार बाजूने आत घालायची आणि चपट्या बाजूने बाहेर काढायची. टोक नेहमी गळाच्या काठीकडे, म्हणजेच माणसाकडे राहिले पाहिजे. उलटे ओवले, तर वजन प्रत्येक दगडात अडकते. मग दोरीच्या शेवटाला गरी, म्हणजे गळाचा आकडा, बांधायची. गाठ आवळण्यापूर्वी ती ओठांनी ओली करायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने दोरी कमजोर होते. गरीचे टोक रबरी माशाच्या नाकातून आत न्यायचे, अर्ध्या सेंटिमीटरवर खालून बाहेर काढायचे, गरी फिरवून घ्यायची आणि तेच टोक पोटातून वर आणून पाठीच्या कातडीखाली लपवायचे. शेवटी मासा नाकासमोर धरून पाहायचा. तो सरळ असला पाहिजे. अंगावर एकही सुरकुती असली, तर तो पाण्यात गरगर फिरतो आणि दोरीला पीळ पडतो.

हे सारे मी शिकले ते माझ्या यजमानांसाठी. मासे धरण्याची मला कधीच आवड नव्हती. मी मिरजेच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही न्युरेम्बर्गला आलो. ते इथल्या एका मोठ्या कारखान्यात अभियंता होते आणि मी गेली बरीच वर्षे रविवारी इथल्या मराठी मुलांना बाराखडी शिकवते. यजमानांचे बालपण कोकणात, खाडीच्या काठावर गेले. मासे धरायला जाण्याला ते शेवटपर्यंत ‘गरवायला जाणं’ म्हणत. गेल्या हिवाळ्यात ते वारले. त्यांची काठी खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकलींच्या मागे उभी आहे.

या देशात कुणालाही उठून पाण्यात गरी टाकता येत नाही. त्यासाठी अभ्यासवर्ग करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, मग परवाना मिळतो. पन्नाशी उलटलेले माझे यजमान स्वयंपाकघरातल्या टेबलावर माशांचे पंख आणि कल्ले पाठ करत बसत आणि मी भाजी चिरता चिरता प्रश्न विचारत असे. घरात तेव्हापासून ते मला ‘बाई’ म्हणू लागले. तोवर मी नुसती ‘अगं’ होते.

“बाई, माझा गृहपाठ झालाय. आता चहा मिळेल का?”

“आधी बार्शच्या पाठीवर किती पंख असतात ते सांगा.”

“दोन. पुढचा काटेरी. आणि बार्श म्हणजे तुसडा असाही अर्थ होतो, हे पुस्तकात नाहीये, ते मला ऑफिसात कळलं.”

बार्श हा इथल्या कालव्यातला अंगावर हिरवट काळे पट्टे आणि खाली तांबडे पंख असलेला मासा. त्यांना तोच हवा असे. त्याच अभ्यासात त्यांना आणखी एक शब्द सापडला. मासा मारायला सयुक्तिक कारण असले पाहिजे, असा इथला कायदा आहे. कारणाला जर्मन शब्द ‘ग्रुंड’, आणि पाण्याच्या तळालाही ‘ग्रुंड’च. “म्हणजे या लोकांचं बरं आहे,” ते म्हणाले. “तळ लागला की कारणही सापडतं. आपल्याकडे बघ, तळाला नुसता ठाव म्हणतात. ठाव लागतो किंवा लागत नाही. कारण कुणी विचारत नाही.”

वजनाचे खरे काम हेच, की त्याने ठाव लागावा. रबरी मासा हलका असतो. वजन त्याला तळाशी नेते, आणि ते तळाला टेकते त्या क्षणी दोरीतून, काठीतून एक बारीकशी ठेच तर्जनीपर्यंत येते. ‘टक्’. मग काठी किंचित उचलायची, मासा तळावरून उडतो, पुन्हा खाली येतो, पुन्हा ‘टक्’. बार्श त्याला तोंड लावतो तो या दोन ठेचांच्या मध्ये, मासा खाली येत असताना. म्हणून वजन जितके हलके तितके चांगले. उतरण सावकाश झाली, तर बार्शला विचार करायला वेळ मिळतो. पण फार हलके वजन हाताला कळत नाही. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी जे असते ते बरोबर वजन. आमच्या कालव्यात ते सात ग्रॅम होते.

आतड्याच्या कर्करोगासाठी केमो सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की बोटांना मुंग्या येतील आणि थंड वस्तू धरवणार नाही. मुंग्या आल्या. काही महिन्यांनी मुंग्याही गेल्या आणि बोटांच्या टोकांना काहीच उरले नाही. शर्टाची बटणे मी लावू लागले. सकाळचा पेपर ते तळहाताने उलटत. बोटांतली संवेदना परत येईल का, या प्रश्नावर डॉक्टर म्हणाले, “गेडुल्ड.” म्हणजे धीर धरा.

“गेडुल्ड,” घरी येताना उबानमध्ये, भुयारी रेल्वेत, ते म्हणाले. “नावच कसं गेंड्यासारखं आहे. कातडीसुद्धा आता तशीच झालीय माझी.”

त्या आठवड्यात ते कालव्यावर गेले आणि लवकर परतले. जेवायला बसले. मग म्हणाले, “ठाव लागत नाही.”

मला वाटले, पाणी वाढले असेल. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, “पाणी तेवढंच आहे गं.”

तेव्हापासून वजन मी लावू लागले. त्यांच्या बोटांना भोकात दोरी ओवता येत नव्हती, आणि गरी टोचली तरी त्यांना कळत नसे, हे जास्त वाईट होते. ते कालव्याच्या उतारावर दगडांजवळ घडीच्या खुर्चीवर बसत आणि मला शिकवत. ते शिकवत आणि मी शिकत होते, असे आमच्या संसारात पहिल्यांदाच घडले.

“सुरकुती आहे. काढ, परत लाव.”

“कुठे आहे सुरकुती? सरळच तर आहे.”

“बाई, वर्गात असं चाललं असतं का तुम्हाला?”

मी काढून परत लावत असे.

सात ग्रॅम कळेना म्हणून आम्ही दहा लावले. दहा काही दिवस कळले. मग आमच्या मुलीने हॅनोव्हरहून टंगस्टनची वजने पाठवली. टंगस्टन नेहमीच्या शिशापेक्षा घनही आहे आणि कठीणही, म्हणून तेवढेच वजन आकाराने लहान होते आणि दगडावर अधिक स्पष्ट वाजते. मी वर्गात शिकवलेली घनता अशी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. टंगस्टनचे दहा ग्रॅम उन्हाळाभर पुरले. नंतर चौदा झाले. त्यानंतर एकवीस.

मुलीला मराठी सगळे कळते, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. फोनवर एकवीसचा आकडा ऐकून ती म्हणाली, “पापा, दास इस्ट डॉख फील त्सू श्वेअर.” फारच जड आहे हे.

“या, या,” ते म्हणाले, म्हणजे हो, हो. “गेनाऊ, अगदी बरोबर. पण मला कळतंय, बाळा.”

ते खरे होते. एकवीस ग्रॅम त्यांना कळत होते. पण एकवीस ग्रॅमचा रबरी मासा मासा राहत नाही. तो धोंड्यासारखा खाली जातो. बार्शने त्याच्याकडे पाहण्याआधीच तो दगडांच्या फटीत रुतून बसतो, आणि दोरी तोडावी लागते. हे सगळे मला यजमानांना सांगावे लागले नाही, त्यांनीच ते मला शिकवले होते. तरीही दर खेपेला ते जड वजन मागत आणि मी ते लावत असे. मला ग्रॅमचे आकडे नकोसे झाले होते. दवाखान्यातले रक्ताचे आकडे डॉक्टर समजावून सांगत. हे आकडे कुणी समजावून सांगावे लागत नव्हते.

एक दिवस मी दोरीकडे नीट पाहिले. वजन खाली जात असते तोवर दोरी ताणलेली असते. ते तळाला टेकले की ताण सुटतो आणि पाण्याबाहेरच्या दोरीला एक झोल पडतो. सात ग्रॅमलाही पडतो. मला वाटले, उत्तर सापडले.

“अहो, हाताची गरजच नाही. दोरी पिवळी आहे, स्पष्ट दिसते. झोल पडला की ठाव लागला. डोळ्यांनी बघायचं.”

पलीकडच्या काठाने वाळू भरलेली बोट हळूहळू गेली, आणि तिच्या मागे पाणी दगडांवरून ओढले जाऊन परत आले.

“माहीत आहे मला,” ते म्हणाले. “सगळेच बघतात. पण ते दुसऱ्याच्या पाटीवरचं बघून लिहिणं झालं.”

“यात कसली आलीय कॉपी?”

“खाडीवर आम्ही अंधारात गरवायचो. काठी नाही, काही नाही. बोटाला तंगुसाचा दोरा गुंडाळलेला. खाली काय चाललंय ते बोट सांगायचं. मला मासा नकोय गं. इथं खाली काय आहे ते एकदा बोटाने कळू दे. मग झालं.”

त्यांना काय हवे होते ते मला तेव्हा पूर्ण समजले. त्यात मी काही करू शकणार नव्हते, हेही समजले.

सप्टेंबरात डॉक्टरांनी केमो थांबवली. त्यांनी वापरलेले वाक्य साधे होते, पुढचा डोस देण्यास आता ग्रुंड नाही. बाहेर लिफ्टपाशी यजमान म्हणाले, “बाई, ऐकलंत ना? ग्रुंड नाही.” मी लिफ्टचे बटण दाबले. बटणाचा दिवा आधीच लागलेला होता, तरी मी ते पुन्हा दाबले.

ऑक्टोबरात एका उजेडाच्या दिवशी त्यांनी कालव्यावर न्यायला सांगितले. अंगात दोन स्वेटर, वर जाड जाकीट, हातमोजे. गाडीपासून उतारापर्यंत येताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून दोनदा थांबले. खुर्चीत बसल्यावर म्हणाले, “सात लाव.”

“सात?”

“सात. मी डोळे मिटून घेतो. मला ठाव कळला असं वाटलं की सांगतो. तू दोरी बघून तपास. आणि एक आहे, दयेचे गुण नकोत. चूक तर चूक.”

“मी कधी दिलेत का दयेचे गुण?”

“म्हणून तर परीक्षक म्हणून तुला नेमलंय.”

मी सात ग्रॅमचे वजन ओवले, टोक काठीकडे. गाठ ओली केली. रबरी मासा नाकासमोर धरून पाहिला, आणि एकदा काढून परत लावला. परवाना त्यांचा होता म्हणून गरी त्यांनीच टाकली, दोन्ही तळहातांत काठी धरून, फार लांब नाही. मग त्यांनी उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला आणि उघडी तर्जनी दोरीवर ठेवली. गार वस्तूला हात लावू नका असे डॉक्टरांनी बजावले होते. मी दोरीवर नजर ठेवली. त्यांनी डोळे मिटले.

“ठाव.”

दोरी ताणलेली होती. “चूक,” मी म्हणाले.

त्यांनी काठी उचलली, खाली आणली. “ठाव.” या वेळी झोल कधीच पडून गेला होता. “चूक. उशीर झाला.”

असे पुष्कळदा झाले. दर वेळी ‘चूक’ म्हणताना माझा आवाज शाळेतल्यासारखा होत गेला, कारण दुसऱ्या कुठल्याही आवाजात मला तो शब्द उच्चारता आला नसता. एकदा त्यांनी दोरी गुंडाळून रबरी मासा वर आणला. वजनाला एक पिवळे पान चिकटले होते. मी ते काढले. त्यांनी गरी पुन्हा टाकली.

मग दोरी पाण्यावर उतरत असताना, मी तिच्याकडे एकटक पाहत असताना, ते म्हणाले, “ठाव.” आणि त्यांचा शब्द संपत असतानाच दोरीला झोल पडला.

“बरोबर,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. चेहऱ्यावर काही आले नाही. मला भीती वाटली की त्यांना ते खरे वाटले नाही. इतक्या वेळा ‘चूक’ ऐकल्यावर आपल्या बायकोने शेवटी एक ‘बरोबर’ पदरात टाकले, असेच त्यांना वाटले असावे. शपथ घ्यावी असेही मनात आले, पण शपथ ही काही तपासण्याची पद्धत नव्हे.

त्यांनी काठी उचलली. थोडे थांबले. “ठाव.”

दोरी ताणलेली होती, अगदी सरळ. मला ‘बरोबर’ म्हणायचे होते. आयुष्यात दुसरे काही इतके म्हणावेसे वाटले नाही.

“चूक,” मी म्हणाले.

तेव्हा ते हसले. आधी गालात, आणि मग खोकला येईपर्यंत. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“म्हणजे मघाचं खरं होतं.”

“हो.”

“दगड होता,” ते म्हणाले. “चिखल नव्हता. दगडावर आपटलं. हो की नाही?”

“ते दोरीवरून दिसत नाही,” मी म्हणाले. “ते तुम्हालाच ठाऊक.”

त्यांनी मान हलवली. बोटाचे टोक पांढरे पडले होते. मी त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळत राहिले. ते दोरीचे टोक पाण्यात जिथे नाहीसे होत होते तिकडे पाहत होते. मग मी हातमोजा चढवला, एक एक बोट जागेवर बसवत, जसा लहान मुलांना चढवतात.

“आता गुंडाळ,” ते म्हणाले. मी गुंडाळणे कायद्याने चालणार नव्हते, पण मी गुंडाळले. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारले, “किती गुण झाले, बाई?”

“दहापैकी एक.”

“नापास,” ते समाधानाने म्हणाले आणि पट्टा लावून घेण्यासाठी हात वर करून थांबले. “पण कॉपी नाही केली.”