चव बघण्याचे सव्वीस चमचे

कारखान्याच्या कँटीनमध्ये आक्काचा हात म्हणजे वजनकाटा. रांगेतल्या माणसाच्या तोंडाकडे एकदा बघायची आणि डाव बुडवायची. रात्रपाळी करून आलेल्याला दीड डाव, नव्याने प्रेमात पडलेल्याला अर्धाच, कारण तो काही केलं तरी निम्मं टाकणार. पंचवीस वर्षं हा अंदाज चुकला नाही. आणि स्वतःच्या पोटाचा अंदाज? तिथे सगळा आनंदीआनंद. पातेल्याचा तळ दिसला की जेवण संपलं, एवढंच तिला माहीत. पोट भरतं तेव्हा नेमकं काय होतं, हे एक्कावन्न वर्षांच्या या बाईला कुणी विचारलं असतं तर ती गोंधळूनच गेली असती.

शेवटी गुडघ्यांनीच हात टेकले. शेगडीसमोर उभं राहणं जमत नसेल तर कूपनांच्या खिडकीत बसा, असं साहेबांनी फार गोड शब्दांत सांगितलं. कूपनं फाडायची म्हणे. आक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याच आठवड्यात ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि वजन उतरावं म्हणून पोटाच्या वरच्या तोंडाशी पट्टा बसवून घेतला. अन्न पट्ट्याच्या वर, अंड्याएवढ्या जागेत थांबणार, हळूहळू खाली उतरणार, आणि थोडक्यात समाधान होणार.

"वाटाण्याएवढा घास घ्या, सावकाश चावा, गिळलात की चमचा खाली ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट भरल्याची खूण ज्याची त्याची वेगळी. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहतं. तुमची तुम्हाला शोधावी लागेल."

आक्काने शोधायला घेतली. दुपारी दीड वाजता, पंगत उठल्यावर, ती खिडकीजवळच्या टेबलाशी लहान बशी घेऊन बसू लागली. कँटीनमध्ये ती जन्मात कधी बसून जेवली नव्हती. पातेल्यांची वाफ अजून खोलीत तरंगत असायची, काचांवर दव धरायचं, बाहेरची माणसं पाण्याखालून चालल्यासारखी दिसायची. उकडलेल्या बटाट्याचा एक घास चावता चावता तिला आईच्या हातावरचं पीठ दिसायचं, नवऱ्याचं पहिलं पत्र आठवायचं, त्यातल्या ओळीसुद्धा आठवायच्या. घड्याळ जणू पेंगायला लागायचं. इतकं सुख एका घासात असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि तिसऱ्या घासाला छातीत बोळा बसायचा. मग धावत मोरीवर.

हे रोजचं झालं. गंमत म्हणजे संध्याकाळी घरी नवऱ्यासोबत जेवताना काही होत नसे. दुपारीच घात. तिने दुपारचं जेवण निम्म्यावर आणलं, मग दोन घासांवर. उलटी काही चुकेना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पट्टा सरकायला लागलाय. पंधरा दिवसांत उलट्या थांबल्या नाहीत तर काढावा लागेल."

काढला की वजन परत, गुडघे परत, आणि मग ती कूपनांची खिडकी. आक्का घरी जाऊन नवऱ्यावर उगाचच खेकसली. त्याने निमूट ऐकून घेतलं. शहाणा माणूस.

तिला दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागायची आणि त्यात एकच स्वप्न पडायचं. ती एका मोठ्या, पांढऱ्या खोलीत वाढते आहे, माणसं ताटं पुढे करताहेत, डावामागून डाव पडतोय आणि ताटं काही भरत नाहीत. कुणी रागावत नाही, कुणी घाईही करत नाही. सगळे तिच्याकडे मायेने बघतात, याचाच तिला हुंदका यायचा.

अकराव्या दिवशी ती मोरीवर तोंड धुवत असताना भांडी घासणाऱ्या मावशींनी नळ बंद केला. मावशी वीस वर्षं त्याच मोरीवर होत्या आणि जरुरीपेक्षा जास्त बोलत नसत.

"आक्का, रागावू नका. घरी काही बिनसलंय का?"

"घरी काय बिनसणार?"

"नाही, अकराच्या सुमाराला तुम्ही रस्शाच्या टोपाशी असा मोठा उसासा टाकता. रोज. ऑपरेशन झाल्यापासून. सगळ्यांना वाटतं, बाई दुःखात आहेत."

आक्काने तोंडावरचा नॅपकिन खाली घेतला.

"अकरापर्यंत मी करते काय?"

"काय करणार, चव बघता." मावशींनी चमच्यांच्या डब्याकडे बोट केलं. "दर वेळी नवा चमचा घेता ना. आजचे सव्वीस धुतले मी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. शितावरून भाताची परीक्षा, असं म्हणत तिने आयुष्यभर बारा पातेल्यांतून चमचे भरून चव घेतली आणि त्याला खाणं म्हणायचं तिच्या मनात कधी आलंच नाही. चव बघणं म्हणजे काम. कामाने कुणाचं पोट भरतं होय? अकराचा उसासा हीच तिची खूण होती, आणि दीड वाजता ती भरल्या पोटावर जेवायला बसत होती. बिचाऱ्या पट्ट्याला शिव्या घालत होती.

उपाय सोपा होता आणि जिवावर येणारा होता. ती जीभ तिची सगळी कमाई. त्या रात्री तिला आपलं कुणी गेल्यासारखं वाईट वाटलं, आणि ते तिने नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

सकाळी रस्सा उकळला तेव्हा तिने चमचा मावशींपुढे धरला.

"मीठ बघा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"वीस वर्षं माझ्याच हातचं जेवताय. बघा."

मावशींनी हात पुसले, चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "चिमूटभर कमी आहे."

आक्काच्या हाताला दुसरा चमचा घ्यायची अनावर ओढ लागली. तिने ती हातातल्या हातात मोडली आणि चिमूटभर मीठ टाकलं, न चाखता. ताटं नेहमीसारखीच स्वच्छ परत आली, याचं तिला थोडं वाईटच वाटलं.

दीड वाजता ती टेबलाशी बसली. पोटात कावळे ओरडत होते. तिसरा घास गेला. पाचवा गेला. मावशी समोर बसून जेवत होत्या आणि तिच्याकडे बघत नसल्याचं दाखवत होत्या. उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत तिच्या मनगटावर आला, कोमट आणि हलका, आणि तिला वाटलं, आपण खुर्चीवर नाही, पाण्यावर बसलोय. नववा घास गेला आणि छातीच्या खालून, कुणी न बोलावता, लांबलचक उसासा बाहेर पडला.

बशीत अजून अर्धा बटाटा होता. हात आपोआप चमच्याकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. किती तरी वेळ तसाच हवेत राहिला, मग मांडीवर आला.

"का हो, थांबलात?" मावशींनी विचारलं. "होतंय का काही?"

"नाही. पोट भरलं."

लोकांच्या घरी, संकोचाने, ताटावर आडवा हात धरून तिने हे शेकडो वेळा म्हटलं होतं आणि दर वेळी ते खोटं होतं. आज ते खरं होतं, आणि तिने बशी बाजूला सारली.