इंग्रजांची गिटार आणि सोनिवलीचा बेंजो

पोह्यांवरची जाडजूड पुस्तकं वाचायची आणि पोहे मात्र कधी खायचे नाहीत, तशी माझी दोन वर्षं गेली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी उल्हासनगरात एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. एम.फिल.साठी मार्गदर्शक बाईंनी विषय नेमून दिला: इंग्लंडमधलं फोक-रॉक. तिकडच्या खेड्यापाड्यांतली जुनी गाणी काही तरुणांनी विजेच्या गिटारीवर वाजवायला घेतली आणि त्यावर विद्वानांनी जो काथ्याकूट केला, तो मी वाचायचा. एका ग्रंथकाराने ढोलाच्या एका ठोक्यावर दीड पानाची तळटीप लिहिली होती. तो ठोका कसा वाजतो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण ती गाणी आमच्याकडे ऐकायला मिळतील तर शपथ! कॅसेटच्या दुकानातले सिंधी शेठ म्हणाले, "साहब, इंग्लिश में डिस्को है, वो ले जाओ. गाँव का पुराना गाना इंग्लिश में कौन सुनता है?" मी चिडलो.

त्यात बाईंनी नवीन टूम काढली. तुलनेसाठी आपल्याकडचं एक तरी गाणं हवं, तेही मूळ, भेसळ नसलेलं. नाहीतर प्रबंध उभा राहायचा नाही. मला लगेच मावशी आठवली. माझ्या आईची ही धाकटी बहीण जवळच्याच सोनिवली गावात राहायची आणि धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गाते ती धवलारीण. भटजी नंतर, ती आधी.

कॉलेजचा टेपरेकॉर्डर घेऊन मी अंबरनाथच्या माझ्या घरून स्कूटरने तिच्याकडे गेलो. ती भात पाखडत होती.

"मावशी, एक धवला गा. टेप करायचाय."

"लगीन कुनाचं हाय?"

"कुणाचं नाही. अभ्यासाला पाहिजे."

"मंग कसा गाऊ? मांडव नाय, नवरी नाय, हलद नाय. बोलावलेले देव येतील न् कुठं बसतील? तुज्या टेपावर?"

मी तिला इंग्लंडमधल्या म्हाताऱ्यांचे दाखले दिले. ते बिचारे कुणीही वही घेऊन दारात आला की चुलीपाशी बसून गात. मावशी म्हणाली, "त्यांचे देव गरीब असतील." आणि सूप पुन्हा हलवायला लागली. मी कपाळावर हात मारला.

वैशाखात तिच्या मुलीचं लग्न ठरलं. म्हटलं, आता तर मावशीची सुटका नाही. पण मावसभावाने बेंजो पार्टी सांगून ठेवली होती, दोन भोंगे आणि इलेक्ट्रिक बेंजोसकट. मी त्याला पुस्तकातला युक्तिवाद ऐकवला, की विजेच्या वाद्याने मूळ गाणं मरतं. तो म्हणाला, "दादा, बेंजो नाय तर लोकं जेवून घरी जातील. मंग तुजं मूल गानं ऐकनार कोन?" एवढा मुद्देसूद प्रतिवाद माझ्या एकाही ग्रंथात नव्हता. त्यामुळे माझं डोकं आणखीच फिरलं.

हळदीच्या दुपारी मी टेप सुरू करून मावशीशेजारी ठेवला. तिने सूर लावला आणि त्याच क्षणी मांडवाबाहेर अंगणात बेंजो सुरू झाला. मी तडक बाहेर गेलो. हातवारे केले, ओरडलो, मास्तरकी केली. बेंजोवाला मान डोलवत वाजवत राहिला. त्याला वाटलं, मी फर्माईश करतोय. शेवटी मी ओरडत ओरडतच भोंग्याची वायर उपटली. वऱ्हाडी पोरं अंगावर आली. त्यांची समजूत काढून आत आलो, तेव्हा मावशी पदराने तोंड पुसत होती.

"मावशी, आता शांत आहे. परत एकदा गा."

"हलद लागली. परत कशी लागंल?"

"अगं, माझं दोन वर्षांचं काम आहे!"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "धवल्यात गेलेल्यांना बोलावतात, ठाऊक हाय ना तुला? तुज्या आयशीला बोलावलं मी. नाव घेऊन. तू व्हतास कुठं?"

मांडवातल्या बायकांचे डोळे ओले होते. सगळ्यांनी ऐकलं होतं. आईला जाऊन सात वर्षं झाली होती, आणि तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी बाहेर वायरीशी झटत होतो.

घरी येऊन टेप लावला. तो मी इतक्या वेळा ऐकला की पट्टी घासली. बेंजोखाली मावशीचा आवाज आहे, पण शब्द लागत नाहीत. मग मध्येच बेंजो थांबतो. तिथे तरी स्पष्ट ऐकू येईल म्हणून मी कान लावतो, आणि तिथे मीच ओरडतोय: "बंद करा! मला ते गाणं ऐकायचंय!"