आमच्यात असंच जातं

सिग्नेला वाटायचं, जगातल्या सगळ्याच बायका महिन्याचे ते दिवस अंथरुणात मेणकापड घालून काढतात. स्वीडनजवळच्या ओलांद द्वीपसमूहातल्या त्या टीचभर बेटावर तिनं जवळून पाहिलेल्या बायका तीनच: आजी, आई आणि थोरली बहीण आस्ता. तिघींचंही तसंच. दिवस सरले की आई पिठात जनावराचं रक्त घालून भाजलेला काळा पाव मांसाबरोबर शिजवून पुढ्यात ठेवायची. "गेलं तेवढं खाऊन भरून काढा," म्हणायची, "आणि तोंडं वाकडी करू नका. घरोघरी मातीच्या चुली." झालं, विषय संपला. त्यावर सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

आता त्या तिघीही चर्चमागच्या मातीत निजल्यात. सिग्नेनं लग्न केलं नाही. दिवसभर धक्क्यावरच्या उपाहारगृहात उतारूंना कॉफी द्यायची, शेवटची बोट सुटली की घरी यायचं आणि रेडिओ लावायचा, तेवढाच माणसाचा आवाज. एकटेपणाची सवय होते म्हणतात. होते कसली डोंबलाची!

अशात लोविसाचा फोन आला. लोविसा म्हणजे आस्ताची मुलगी. तिला जन्म देऊन आस्ता गेली, आणि बाप तान्ह्या पोरीला घेऊन स्वीडनला गेला तो गेलाच. नाताळच्या कार्डापलीकडे संबंध नव्हता.

"मावशी, मला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे. सुईण विचारतेय, घरात कुणाला जास्त रक्त जायचा त्रास होता का? आईचं मला कोण सांगणार? फोनवर एक चाचणी पाठवते. नुसते प्रश्न आहेत, सुई नाही की काही नाही. देशील उत्तरं?"

देशील का म्हणून काय विचारतेस! कुणालातरी आपली गरज पडली म्हणून सिग्ने हरखून गेली. चष्मा पुसून बसली. नाकातून रक्त येतं का? थंडीत सगळ्यांनाच येतं. दात काढल्यावर फार वाहिलं का? उशी भिजली होती, पण आईचीही भिजायची. पाळीत नेहमीपेक्षा जास्त जायचं का? छे, नेहमीइतकंच. फोननं निर्वाळा दिला, काळजीचं कारण दिसत नाही. तिनं लगेच लोविसाला कळवलं: 'आपल्या घरात तसलं काही नाही. निर्धास्त राहा.'

शनिवारी ती शेजारच्या गुन्नेलकडे सौनात, वाफेच्या खोलीत, शेकायला गेली. गुन्नेल मुख्य भूमीवरून लग्न होऊन आलेली, जिभेला हाड नसलेली बाई. तापल्या दगडांवर पाणी ओतत सिग्नेनं कौतुकानं सगळं सांगितलं. "फोननं मला पास केलं बघ!"

गुन्नेल तिच्याकडे वळली. "उशी भिजली? एका दाताला? अगं बाई, माझा दात काढला तर मी संध्याकाळी मासे खात होते."

"पण पाळीत मेणकापड घालत असशीलच की."

"मेणकापड? मी काय दर महिन्याला बाळंत होत होते? त्या दिवसांत मी होडी वल्हवून जाळी ओढायला जायचे! नेहमीइतकंच म्हणे. कुणाइतकं, सिग्ने?"

सिग्नेला आस्ताचं बाळंतपण आठवलं. आस्ता दिवस भरायच्या आधीच घरी बाळंत झालेली, समुद्रात बर्फ, आणि चादरी बदलत आई म्हणत होती, "आमच्यात असंच जातं. थांबेल." बोट बोलवायची घाई कुणालाच वाटली नव्हती. बोलावली तोवर फार उशीर झाला होता.

अंगाला पंचा गुंडाळून ती तशीच बाहेरच्या बाकावर आली आणि चाचणी पुन्हा उघडली. गुन्नेल शेजारी बसली. सिग्ने प्रश्न वाचायची, गुन्नेल म्हणायची, "मला नाही बाई," आणि सिग्नेला 'हो' दाबावं लागायचं. एकामागून एक. शेवटी फोन म्हणाला, डॉक्टरांना भेटा. हे रक्ताच्या नात्यात असू शकतं, घरातल्या बायकांना कळवा.

घरातल्या बायका! एकच तर उरली होती. सिग्नेनं तिला फोन लावला.

"लोविसा, मी चुकीचं कळवलं गं. खरं समजून चुकीचं कळवलं. आजीला, तुझ्या आईला, मला, सगळ्यांना धो धो जायचं. सुईणीला आत्ताच्या आत्ता सांग. बाळाच्या आधी तुझं रक्त तपासू देत, मोठ्या इस्पितळातच जा. ऐकतेस ना?"

"ऐकतेय." मग अगदी बारीक आवाजात, "मावशी, बाबा मला म्हणायचे, तू आलीस म्हणून आई गेली."

"गाढव आहे तुझा बाप!" सिग्ने एवढ्या जोरात ओरडली की गुन्नेल दचकली. "तू काय केलंस? ते आमच्या घरात तुझ्या आधीपासून होतं. तू नुसती जन्मलीस, बाळा."

पलीकडे लोविसाला रडू फुटलं. सिग्ने ओल्या केसांनी, थंडीत कुडकुडत बसून राहिली, पण फोन तिनं ठेवला नाही.