चाक मोजल्याशिवाय हौसिंग न उघडणारे अण्णा

रंगनाथअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सोनईतल्या त्यांच्या गॅरेजसमोर, ऑइलच्या पालथ्या डब्यावर बसलेलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. सोबत वडील होते, त्यांची जुनी जीप होती आणि माझ्या हातात फुलस्केपच्या तीन पानांवर केलेला हिशोब होता. अण्णांच्या पंचाहत्तरीच्या या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा ती पानंच आधी आठवली, कारण अण्णांनी ती शेवटपर्यंत वाचली होती. आमच्या घरात मी लिहिलेलं तोवर कुणी वाचलं नव्हतं. कौतुक खूप होतं, पण वाचणारं कुणी नव्हतं.

काम असं होतं. आमची वाडी पाथर्डीकडच्या डोंगरात. वडील जीपमधून वाडीवरच्या मुलींना खिंड ओलांडून शाळेत नेतात. पूर्वी सात मुली होत्या, त्या वर्षी अकरा झाल्या, आणि गाडी खिंडीत दम टाकू लागली. क्लचचा वास सुटला की मुली दप्तरं घेऊन उतरायच्या आणि चढ चालून जायच्या. पहिला तास बुडायचा. दोन घरांनी तर मुलींना पाठवणंच थांबवलं. एकदा थांबलेली मुलगी सहसा पुन्हा शाळेत जात नाही, हे वाडीत कुणाला सांगावं लागत नाही.

मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी पेटीतली, म्हणजे हौसिंगमधली, क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडी बदलली की गाडीची ओढ वाढते आणि वेग थोडा घटतो. किती दातांची जोडी घ्यावी, ते मी काढून आणलं होतं. साठवलेल्या पैशांत एकच नवी जोडी येणार होती. चुकायला जागा नव्हती.

अण्णांनी तिसरं पान उलटून ठेवलं. "हिशोब चोख हाय, पोरी. पन यात तुमची जीप कुठं हाय?"

"हीच की, अण्णा."

"टायर कोन्तं धरलं?"

"गाडीच्या पुस्तकातलं."

"मग चाकाच्या जागी पुस्तक बसवलंय व्हय?"

गॅरेजमधले सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातात खडू आणि टेप दिला, टायरवर खूण करायला लावली आणि जीप ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा जमिनीवर मोजून घेतला. तो पुस्तकापेक्षा वीतभर जास्त भरला. दगडांत टिकतील म्हणून वडिलांनी मागेच उंच टायर घातले होते. मी सुट्टीत त्याच जीपमधून चढत-उतरत होते, आणि आकडा मात्र पुस्तकातून उतरवला होता. नव्या जोडीतून जी ओढ मी मिळवणार होते, ती या टायरांनी आधीच खाल्ली होती. पैसे गेले असते आणि मुली खिंडीत उतरतच राहिल्या असत्या.

अण्णांची रीत या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांनी अनुभवली असेल. गाडीच्या रोजच्या रस्त्यानं, रोजच्या वजनासह, स्वतः बसून गेल्याशिवाय ते हौसिंगचा एक बोल्टही सोडत नाहीत. पुढच्या सोमवारी ते एसटीनं आमच्याकडे आले आणि उरलेल्या नऊ मुलींसह जीपमध्ये बसले. वडील जिथे जिथे गिअर खाली टाकत, तिथे ते डॅशबोर्डवर खडूनं रेघ मारत.

वडील म्हणाले, "अण्णा, सगळ्यात जास्त वढीची जोडी टाका. एकदाच मिटू द्या."

"मिटंल की! पन खिंड दोन किलोमीटर, म्होरं सपाटी बारा. तिथं गाडी नुसती बोंबलंल, डिझेल पिईल. चढापुरती गाडी घेतली का तुमी?"

मग त्यांनी माझी पानं पुन्हा मागितली. म्हणाले, आधी मूळ मापाचे टायर घाला, ते जुने चालतील. मग पोरीनं काढलेलीच जोडी बरोबर बसते. आकडे चुकले नव्हते, चाक चुकलं होतं. तशी वापरलेली जोडी त्यांनी स्वतः नगरच्या भंगारबाजारात शोधली. एक दुकानदार नुसतं क्राऊन स्वस्तात देत होता. अण्णा त्याला म्हणाले, "नवरा एका मांडवातला न् नवरी दुसऱ्या? रोज भांडान ऐकू येईल हौसिंगमधून." दोन्ही चाकांवर एकच नंबर कोरलेला सापडला, तेव्हाच त्यांनी जोडी उचलली. टायरांसह सगळं काम आमच्या पैशांत बसलं.

जोडी बसवताना अण्णांनी तेलात कालवलेला शेंदूर माझ्यापुढे ठेवला. तो दातांना लावून चाक फिरवायचं आणि दातावर दात कुठे टेकतो ते पाहायचं. एक जुने मिस्त्री म्हणाले, "अण्णा, आता बाया हौसिंग भरनार का?"

अण्णा म्हणाले, "चूक चारचौघांत झाली तिची. दुरुस्ती बी चारचौघांत होऊ द्या."

खूण दाताच्या बरोबर मध्ये उमटेपर्यंत त्यांनी मला चार वेळा जोडी सोडायला आणि बसवायला लावली. पाचव्या वेळी ते फक्त "हां, इंजिनिअरबाई" म्हणाले. पुढे पदवी हातात आली तेव्हाही मला इतकं भरून आलं नव्हतं.

जीप पहिल्यांदा न थांबता खिंड चढली, तेव्हा मुलींनी एवढा गलका केला की वडिलांना गाडीत बिघाड झाला असं वाटलं. त्या आठवड्यात वडील थांबलेल्या दोन घरी गेले. एक मुलगी लगेच आली. दुसरीच्या वडिलांनी महिनाभर रोज बांधावर उभं राहून जीप खिंडीत चढताना पाहिली, आणि मग तिलाही पाठवलं. यंदा दोघी दहावीला आहेत.

डॅशबोर्डवरच्या खडूच्या रेघा वडील पुसू देत नाहीत. अण्णा, त्यांतली शेवटची रेघ तुम्ही जिथे मारलीत, तिथेच मुली उतरायच्या. आता तिथे त्या पाढे म्हणत असतात. तुमची नजर आणि बोटं अशीच शाबूत राहोत, गुडघे तुम्हाला साथ देवोत. शंभरीच्या दिवशी सकाळची एसटी धरून या. पुढची सीट तुमच्यासाठी रिकामी असेल, आणि खिंडीत कुणालाही उतरावं लागणार नाही.