आधी आई दाखवा

बायकोने मला ते माकड पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा आम्ही संध्याकाळचं दूध डेअरीवर घालून नुकतेच ओट्यावर टेकलो होतो. माकड कसलं, मुठीत मावेल एवढा जीव. कानांवर पांढरे झुपके, शेपटीवर पट्टे. मोबाईलमधली कुणी बाई त्याला ड्रॉपरने दूध पाजत होती. मी हसून म्हणालो, "आपला मका खाऊन जानारी वानरं कमी पडली व्हय? दर शनिवारी तू मारुतीला तेल घालती, तेवढं बास हाय की."

ती हसली नाही. एरवी माझ्या असल्या विनोदाला तिचा टोला ठरलेला असतो.

"ह्याला तीन-तीन तासाला दूध लागतं म्हनं," ती म्हणाली. "रातचंबी उठावं लागतं."

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मूल नाही. संगमनेरचे डॉक्टर झाले, नाशिकचे झाले, नवससायास झाले, आणि मग कधीतरी आम्ही तो विषयच काढेनासे झालो. भांडण नाही, रडारड नाही, नुसतं बोलणं बंद. तिने 'उठावं लागतं' म्हटलं ते माहेरी जायचंय म्हणावं अशा सुरात. झोपमोड करणारं कुणीतरी तिला हवं होतं. ते मला फार लागलं. माकड तर माकड, आणायचं, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

व्हिडिओखाली 'मेसेज करा' एवढंच लिहिलेलं. मी केला, आणि अर्ध्या तासात फोन आला. आवाज तरुण, बोलणं साखरेत घोळलेलं. "सर, बाहेरदेशाची जात आहे, एकदम माणसाळलेलं पिल्लू. कागदपत्रं सगळी ओके. सुप्याजवळ हायवेला गाडीतून तुमच्या हातात देतो." कागद ओके असलेलं जनावर हायवेला कशाला द्यायचं, एवढं साधं मला सुचायला हवं होतं. बाजारात कुणी असं बोललं असतं, तर मी चहासुद्धा न घेता पुढच्या दावणीला गेलो असतो.

पण मी विचारलं ते भलतंच. "आधी आई दाखवा."

आमच्याकडे कालवड घेताना कालवडीपेक्षा तिच्या आईकडेच जास्त बघतात. कास कशी, सड कसे, दुधाला कशी, धारेला लाथ मारते का. आई न बघता वासरू घरी आणणाऱ्याला गाव वर्षभर हसतं. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं. त्या पोराला काही कळेना. "आईचं काय काम, सर? पिल्लूच घ्यायचंय ना?" मी हट्टाला पेटलो. आपण फार हुशार गिऱ्हाईक आहोत असं मला वाटत होतं. त्यालाही तेच वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ आला. आम्ही दोघांनी गोठ्यात उभ्या उभ्याच बघितला. कोंबडीच्या खुराड्याहूनही लहान पिंजरा. आत मादी आणि तिच्या पाठीला चिकटलेलं पिल्लू. हातमोजा घातलेला एक हात आत गेला आणि त्याने पिल्लाची बोटं तिच्या केसांतून एकेक करून सोडवली. पिल्लू बाहेर आलं तशी ती जाळीवर धडकली. तिने जाळीतून हात बाहेर काढला आणि शिटीसारखा बारीक आवाज करत राहिली. मागून तो पोरगा खुशीत सांगत होता, "बघा सर, मदर किती ॲक्टिव्ह आहे!"

तो व्हिडिओ मी मागितला म्हणून काढलेला होता. हे मला अजून सोसत नाही.

बायकोने तो दोनदा बघितला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "नगं," ती म्हणाली.

सांगायला लाज वाटते, पण मी वाद घातला. "अगं, तोडायचं ते तोडलंच हाय त्यानं. आपन न्हाई घेतलं तर दुसरं कुनी घेईल. आपल्याकडं नीट तरी ऱ्हाईल." खरं म्हणजे ते तिच्या खांद्यावर बसलंय आणि मी दूध कोमट करून आणतोय, हे चित्र मी आदल्या दिवसापासून डोळ्यांसमोरून हलू दिलं नव्हतं. मलाही ते हवं झालं होतं, कदाचित तिच्यापेक्षा जास्त.

"उठीन की मी," ती म्हणाली. "तीन तासाला उठीन, दोन तासाला उठीन. पन ते माझ्या तोंडाकडं बघून हाक तिला मारनार. मला कळंल ते. रोज कळंल."

त्या पोराला नाही म्हणून कळवलं. "काही हरकत नाही सर, दुसरी पार्टी थांबलीच आहे," तो म्हणाला. दोन दिवसांनी ओळखीच्या वनरक्षकाला मी ते सगळं दाखवलं. त्याने आधी मलाच झाडलं. असला प्राणी घेतला असता तर मीही अडकलो असतो, म्हणाला. मग नंबर लावला. बंद. ते खातंही गायब झालं होतं. पिल्लू कुठे गेलं, कळलं नाही. आम्ही शहाणे ठरलो, पण आमच्या शहाणपणाने त्या मायलेकरांचं काही भलं झालं नाही.

बायकोच्या मोबाईलवर तसले व्हिडिओ अजून येतात. एकदा बघितलं की मोबाईल पिच्छा सोडत नाही. कुणी माकडाला झबलं घातलेलं असतं, कुणी पाळण्यात निजवलेलं. ती अंगठ्याने सगळं वर सारत जाते. परवा मात्र एका व्हिडिओवर तिचा अंगठा थांबला, आणि इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"अजून वाटतं व्हय गं तुला?"

"रोज," ती म्हणाली. "आन् तुमाला?"

"मलाबी. रोजच."

तिने मोबाईल पालथा ठेवला.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मी एकटीच."