नांदेडच्या पंगतीत मोडलेला नेम

आमच्या यजमानांच्या जिभेची चव गेली त्याला आम्ही नांदेडला गेलो तेव्हा आठ महिने झाले होते. गालाच्या आतली गाठ काढली, मग किरणांचे शेक झाले, नाकातली नळी निघाली, तोंडातले फोडही भरून आले. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू सगळं खाऊ द्या, चव येईल परत. ती येईना. वरण दिलं तर म्हणायचे माती, दूध दिलं तर म्हणायचे खडू. औशाच्या कचेरीत नोकरी करणारा आणि निवडणुकीच्या ड्यूटीवरून तिथल्या मतदानाऐवजी तिथल्या पिठल्याची हकिकत घेऊन येणारा हा माणूस. आता चार चमचे पेज घेऊन ताट सरकवायचा. सदरे खांद्यावरून घसरायला लागले. वजन असंच उतरत राहिलं तर पुन्हा नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "नळी न्हाई. आता जे व्हायचं ते होऊ द्या."

मी शाळेत शिकवते. मुलांना कार्यकारण समजावून सांगते. तरी एका पहाटे देवापुढे बसून माहूरच्या रेणुकाआईला बोलून गेले, ह्यांच्या तोंडाला चव येईपर्यंत मी मिठाचा कण खाणार नाही. कुणाला सांगितलं नाही, कारण बोलून दाखवलं तर नेमाचं बळ जाईल असं मला वाटायचं. ह्यांना आणि सायलीला, म्हणजे आमच्या मुलीला, वाढून झालं की मी ओट्याजवळ एकटी बसून अळणी दूधभात खायचे. कुणी विचारलं तर पित्ताचं निमित्त सांगायचे. दिवस जात होते आणि देवी काही बोलत नव्हती. खरं सांगायचं तर माझी प्रार्थना प्रार्थना राहिलीच नव्हती. मी रोज तिच्या दारात बसून तगादा लावत होते.

सायलीची दहावीची परीक्षा संपली आणि ती म्हणाली, "सुट्टीत मला नांदेडला न्या." हे नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण लेकीसाठी तयार झाले. एसटीत अहमदपूरच्या पुढे तिनं वही काढली तेव्हा मला तिचा डाव कळला. वहीत पहिल्या पानावर नांदेडात बघायची ठिकाणं होती आणि दुसऱ्यावर खायचे पदार्थ. कुठली सुशीला मऊ असते, कुठलं दही घट्ट, कुठली कुल्फी, कुठला चहा. मैत्रिणींना विचारून विचारून तिनं ते पान भरलं होतं. माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "यातलं एक तरी पप्पांना लागेलच ना गं, आई?"

पहिल्या दिवशी आम्ही नदीकाठचा किल्ला बघितला. चार पायऱ्या चढून हे बुरुजाच्या सावलीत बसले आणि म्हणाले, "तुम्ही बघून या." आम्ही दोघींनी वरून गोदावरी बघितली, फोटो काढले. एकाही फोटोत हे नाहीत. खाली येऊन एका गाड्यावर सुशीला घेतली. मुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी दिलेली, वर दाण्याचं कूट. ह्यांनी एक चमचा तोंडात घेतला, बराच वेळ इकडून तिकडे फिरवला आणि मग रुमालात काढला. गाडीवाला घाबरून म्हणाला, "काय झालं साहेब? खराब हाय का?" हे म्हणाले, "तुमची सुशीला चांगलीय दादा, तोंड माझं खराब हाय." मग कुल्फी झाली, कुल्हडातला चहा झाला, विष्णुपुरीला धरणाजवळ दह्यासोबत धपाटं झालं. प्रत्येक ठिकाणी सायली ह्यांच्या चेहऱ्याकडे निकाल बघावा तशी बघायची आणि वहीत एक ओळ खोडायची. धरणाचं पाणी उन्हात लकाकत होतं, लोक मुलांना खांद्यावर घेऊन दाखवत होते. हे म्हणाले, "सायली, बास कर बाळा आता. फाड ती यादी." ती कठड्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते आणि मला तिच्याजवळ जायचंही बळ नव्हतं. जवळच काळेश्वराचं देऊळ होतं. मी आत जाऊन उभी राहिले, पण मागण्यासारखं मनात काही उरलं नव्हतं. दगड बघावा तशी पिंड बघितली आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतायची एसटी होती. त्याआधी गुरुद्वारा बघू म्हणून गेलो. डोक्याला रुमाल बांधून, पाय धुऊन आत गेलो, माथा टेकला. बाहेर आल्यावर गर्दी लंगरकडे चालली होती, आम्हीही तिच्याबरोबर गेलो आणि पंगतीत बसलो. ह्यांनी दोन्ही हात पसरून रोटी घेतली, डाळ घेतली आणि मांडीवर हात ठेवून नुसते बसले. मी डाळीला नको म्हटलं आणि नुसती खीर घेतली. सायली आमच्या दोघांमध्ये मान खाली घालून जेवत होती.

रोट्या वाढणारी बाई दुसऱ्यांदा फिरून आली. साठी ओलांडलेली, पांढरी ओढणी, नखांत पीठ अडकलेलं. बोलणं आमच्याच भागातलं. "का गं बाई, डाळ का न्हाई घेतली?"

"पित्त आहे हो मावशी."

तिनं माझ्या ताटाकडे बघितलं, मग ह्यांच्या. टोपली खाली ठेवली. "ह्यो जेवंना, आन् तू बी जेवंना. मग ह्यानं कुणाच्या तोंडाकडं बघून जेवायचं?" एवढं बोलून तिनं मागच्या बादलीवाल्याला थांबवलं, माझ्या ताटात पळीभर डाळ घालायला लावली आणि ती पुढे सरकली.

हे ताटाकडे बघत हळू म्हणाले, "चूक न्हाई बोलली ती. पाच महिने झाले, तू माझ्यासमोर एक घास घेतला न्हाईस. मला समजतं. माझ्या तोंडाला वास येतो, लाळ गळते. किळस येत असंल तर त्यात तुझा काय दोष."

मला वाटलं, मी ऐकलं ते चुकीचं ऐकलं. मी ज्याला तप समजत होते ते ह्यांना पाच महिने किळस म्हणून दिसत होतं. त्या पंगतीत, शेजारी अनोळखी माणसं जेवत असताना, मी सगळं सांगून टाकलं. नेम, मीठ, दूधभात. सायलीचा हात ताटातच थांबला.

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "माझ्यासाठी मीठ सोडलंस आन् मलाच सांगितलं न्हाईस?"

"मोडलं तर देवी कोपेल म्हणून भीती वाटते," मी म्हटलं.

"आता अजून काय कोपायची राहिलीय ती," हे म्हणाले. "जेव."

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, आई, आता तुझं तू बघ, माझ्या हातात काही नाही. आणि डाळीचा घास घेतला. इतक्या महिन्यांनी मीठ जिभेला लागलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पुसत पुसत मी जेवत राहिले. शेजारी हालचाल झाली म्हणून बघितलं तर ह्यांनी रोटीचा तुकडा डाळीत बुडवला होता. तो मऊ होईपर्यंत थांबले, मग तोंडात घातला. मग दुसरा. आमची पंगत उठली, दुसरी बसली, सेवा करणाऱ्यांनी आमच्या भोवतीची फरशी पुसली, पण आम्हाला कुणी उठा म्हटलं नाही. अर्धी रोटी खायला ह्यांना पाऊण तास लागला.

"चव आली का?" मी विचारलं.

"न्हाई. मातीच हाय," हे म्हणाले. "पण तू जेवायलीस, ते बघून गिळवतंय."

निघताना त्या मावशींच्या पाया पडावं म्हणून शोधलं. रोट्या लाटणाऱ्या बायकांत विचारलं. त्या म्हणाल्या, रोज कितीतरी जणी येतात, कोण म्हणून सांगावं. ती कोण होती याचा मी पुढे फार विचार केला नाही. भुकेल्या माणसाला बघून बोलणारी एक बाई, एवढंही मला पुरेसं आहे.

चव शेवटपर्यंत आली नाही. पण त्या दिवसापासून आम्ही तिघं दोन्ही वेळा एकत्र बसलो, आणि उन्हाळा, पावसाळा नळीशिवाय गेला. दिवाळीनंतर मानेत नवी गाठ आली आणि थंडी संपायच्या आत हे गेले. नेम मोडला म्हणून गेले का, या विचारानं मला पुष्कळ दिवस पोखरलं. शेवटी माहूरला जाऊन पायऱ्या चढले आणि देवीसमोर सगळं सांगितलं. काही मागितलं नाही. मुखवट्याकडे बघताना एवढंच उमगलं की मी तिच्यावर काही सोडलंच नव्हतं. मी तिला अट घातली होती. सोडलं ते त्या एका घासापुरतं, आणि तेवढ्यावर तिनं मला माझ्या माणसाबरोबरचे नऊ-दहा महिने दिले. ह्याहून जास्त माझ्या वाट्याला नव्हते. जेवढे होते तेवढ्यासाठी मी हात जोडते.

शेवटच्या आठवड्यात ह्यांना पाणीही उतरेना. त्यांच्यासमोर कसं जेवायचं म्हणून मी आणि सायली बाहेरच्या खोलीत ताटं घेऊन बसलो, तर आतून हाक आली. "इथं या. मला दिसू द्या." आम्ही खाटेजवळ चटई टाकून बसलो. सायलीच्या घशाखाली घास जात नव्हता, पण हे बघत होते म्हणून ती जेवत राहिली. तिची भाकरी संपली तेव्हा ह्यांनी बोटानं टोपल्याकडे खूण केली.

"अजून अर्धी घे," म्हणाले.

तिनं घेतली.