दामूच्या गाडीतला फ्रिज

दामूने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याचं कौतुकही करणार आहे.

शेणवे गावचा हा मेकॅनिक यंत्र डोळ्यांनी तपासत नसे. पंप असो की जनरेटर, बैल थोपटावा तसा पाठीवर तळहात ठेवून उभा राहायचा. "ताप हाय याला," म्हणायचा, आणि बिघाड तिथेच निघायचा. मुरबाडच्या माझ्या दुकानातला एकही पंप त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय मी विकला नाही.

आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली एक जुनी गाडी त्याने कुठूनशी आणली. तिच्यातला फ्रिज गॅसवरही चालायचा, विजेवरही. मला ती भातसा नदीच्या काठी पर्यटकांसाठी लावायची होती, आणि तिथे वीज नाही.

"शेठ, लाइट म्हंजे मागून आनलेला बैल. कवा सोडून नेतील, नेम नाय. गॅस आपल्या दावनीचा."

त्याने झाकण काढून निळी ज्योत दाखवली, मग आतून बर्फ काढून माझ्या हातावर ठेवला. त्याचा शेजारी, म्हणजे माझा धाकटा भाऊ सुरेश, बाजूलाच उभा होता. "घे रे दादा. असा बर्फ आमच्या फ्रिजात पन होत नाय."

मी घासाघीस करून भाव निम्म्यावर आणला. दामू लगेच कबूल झाला. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं, पण मी जिंकल्याच्या तोऱ्यात होतो.

पहिल्याच पाहुण्यांची मासळी सकाळी वास मारू लागली. ज्योत मात्र निळीशार. "पोराबाळांना मारायला बसलाय का?" म्हणत ते गेले, आणि चार लोकांना सांगत गेले. दुसऱ्या मेकॅनिकने मागचा पत्रा उघडला. ज्योतीवरची चिमणी गंजून सडलेली. गॅसवर असा फ्रिज आतली नळी तापली तरच गार होतो, आणि ऊब त्या नळीला लागतच नव्हती. फ्रिज चालत होता तो फक्त विजेवर.

मी शिव्या घोळवतच दामूकडे गेलो. तो काविळीने अंथरुणाला लागला होता.

"ज्योत नुसती दाखवायला होती, शेठ. खालून वायर घातलेली."

"आणि हे मला तोंड वर करून सांगतोस?"

"वायर माझी. पन माझ्या घरची लाइट तं कवाच कापलेली. मंग पिलग कुनाच्या घरात होता, ते इचारा ना."

त्याने उठून बसत माझ्या पाठीवर तळहात ठेवला. "ताप हाय, शेठ."

काही दिवसांत तो गेला. मी खांदा दिला. माझ्या पुढे सुरेश होता.

असा फ्रिज गार व्हायला अख्खी रात्र लागते. म्हणजे प्लग सुरेशच्या घरात आदल्या दिवशीच लागला होता, आणि मला सांगायला त्याला रात्रभर वेळ होता. दामू आता उत्तर देणार नाही. सुरेश, तू आहेस. बोल.